मूल्यदूत हत्तीचा डावा कान

मी एक जुना कापडी हत्ती आहे. मित्रांनो, हत्ती म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे काही उभे राहते, ते कृपया पुसून टाका. मी उशीएवढा आहे. माझ्या पाठीवर कधी राजा बसला नाही. एका मुलीने एकदा घाईत डबा ठेवला होता, तो कलंडला, आणि त्याचा डाग आजही माझ्या पाठीवर आहे. माझ्या आयुष्यातली अंबारी म्हणायची ती तेवढीच.

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असे माणसे म्हणतात. मला फक्त दाखवायचे दात आहेत, जाड पांढऱ्या कापडाचे. खायचे दात मला शिवणारीने दिलेच नाहीत. पुढे एका मोठ्या कामासाठी एवढ्या मोठ्या शाळेने नेमकी माझीच निवड का केली, याचे कारण मला त्यातच सापडते.

माझा जन्म याच शाळेतला. ही आंतरराष्ट्रीय शाळा आहे. इथे कितीतरी देशांची मुले येतात. घरी ती निरनिराळ्या भाषांत भांडतात आणि शाळेत एकाच भाषेत सॉरी म्हणतात. शाळा नवी होती तेव्हा सभागृहाचे पडदे बदलले, आणि जुन्या निळ्या पडद्यातून ग्रंथालयाच्या बाईंनी मला कापले. बाईंचे शिवणकाम यथातथाच होते. माझा एक डोळा काळा आहे आणि दुसरा तपकिरी, कारण दोन सारखी बटणे त्यांना मिळाली नाहीत. पोटात भरायला कापूस कमी पडला तेव्हा त्यांनी स्वतःचा जुना स्वेटर कापून भरला. कान मात्र हात न राखता भले मोठे केले.

"बोलणारे शाळेत ढिगाने आहेत," बाई म्हणाल्या. "एक तरी ऐकणारा असू दे."

मी ऐकत राहिलो. ज्या मुलांना चारचौघांत वाचायची भीती वाटे, ती मला मांडीवर घेऊन कोपऱ्यात वाचत. कुणी अडखळे, कुणी ओळच्या ओळ गिळून टाकी. मी कधी कुणाची चूक काढली नाही. मला जांभईसुद्धा आली नाही, तोंड शिवलेलेच होते. मित्रांनो, ते माझे खरे कामाचे दिवस. तेव्हा माझ्या अंगावर एकही बिल्ला नव्हता.

मग बाई निवृत्त झाल्या. ग्रंथालयाचे नाव ज्ञानकेंद्र झाले, पुस्तकांच्या जागी पडदे आले (माझ्यासारखे कापडी नव्हेत, उजेडाचे), आणि मी खालच्या कपाटात गेलो. तिथे माझ्या सोबतीला एक पृथ्वीगोल होता. त्याच्यावरचे देश पुसट झाले होते. आंतरराष्ट्रीय शाळेत राहून त्याच्यावर ती वेळ यावी, हे मला बरे वाटले नाही.

कपाटातून माझी सुटका नव्या मुख्याध्यापिकांनी केली. त्या कामसू होत्या, आणि मुलांचे भले व्हावे असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी बारा सद्गुण निवडले, बारा महिन्यांना एकेक वाटून दिला, आणि फाटकापासून स्वच्छतागृहापर्यंत सगळीकडे ते रंगवून घेतले. संयम आणि चिकाटी हे दोन गुण मोठ्या सुट्टीच्या महिन्यांत पडले. त्यामुळे या शाळेतून ते कुणी शिकून गेल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला त्यांनी मूल्यदूत केले. दर शुक्रवारी मी एका मुलाच्या घरी जायचो. सोमवारी वर्ग सतरंजीवर गोल बसायचा, आणि त्या मुलाने सांगायचे, की या महिन्याचा गुण आम्ही दोघांनी कसा आचरणात आणला. मग मुलाला चांदणी. महिना संपला की माझ्या छातीवर बिल्ला.

सुरुवातीला बरे चालले होते. पण आईबापांच्या लक्षात आले, की ही परीक्षा आहे. मग काय विचारता! परोपकाराच्या महिन्यात मी एकच रोप तीनदा लावले, कारण पहिल्या दोन फोटोंत ऊन नीट पडले नव्हते. करुणेच्या महिन्यात मला एका वृद्धाश्रमात नेले. तिथल्या एका आजोबांच्या मांडीवर मला ठेवले. आजोबांनी माझा कान हातात घेतला आणि माझ्याशी काहीतरी बोलू लागले. फार हळू बोलत होते. फोटो झाला. आजोबांचे बोलणे झाले नव्हते, पण गाडी दारात उभी होती. मला त्यांच्या हातातून सोडवायला जरा जोर लावावा लागला. सोमवारी त्या मुलाला चांदणी मिळाली, आणि फोटो फाटकापाशी लागला. आजोबा काय सांगत होते, ते त्या फोटोत आले नव्हते.

मित्रांनो, आता मी प्रामाणिकपणाच्या महिन्याकडे येतो.

त्या महिन्यात मी आधी कप्तानाच्या घरी गेलो. तो वर्गाचा कप्तान, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. मुलगा खरोखर गुणी होता. त्याचे बाबा एका मोठ्या कंपनीत होते, आणि कंपनीतल्या लोकांनी सचोटीने वागावे म्हणून व्याख्याने देणे हे त्यांचे काम होते. घरात एक दांडगा कुत्रा होता. त्याला कुणी व्याख्यान दिलेले नव्हते. रविवारी दुपारी त्याने मला सोफ्यावरून ओढले आणि माझा डावा कान मुळापासून उपटला.

कप्तान रडवेला झाला. "बाबा, मी उद्या मिसना सांगतो."

"काय सांगणार?" बाबा म्हणाले. "प्रामाणिकपणाच्या महिन्यात आपल्या घरी हत्ती फाटला?"

"पण खोटं बोलायचं नाही ना?"

"खोटं कुणी बोल म्हणतंय? खोटं बोलायचं नाही. फक्त बोलायचंच नाही."

आई डिंकासारखे काहीतरी घेऊन आली. तिने कान जागच्या जागी दाबून धरला आणि वर केस वाळवायचे यंत्र फिरवले. "बघा, कळतंय का?" ती म्हणाली. कळत नव्हते. सोमवारी कप्तानाने सांगितले, की मी आणि हत्तीने कायम खरे बोलण्याची शपथ घेतली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. चांदणी घेताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

पुढच्या शुक्रवारी मी हळूबाईकडे गेलो. हे तिचे खरे नाव नव्हे. ती फार हळू बोलायची. मिस तिला रोज म्हणायच्या, "जरा मोठ्याने," आणि मुलांनी त्यावरून तिचे बारसे केले होते. तिची आई दातांची डॉक्टर. बाबा घरी बसूनच काम करत. कानाला फोनचे यंत्र लावून ते दिवसभर कुठल्या कुठल्या लोकांना सांगत, "मी तुमची अडचण समजू शकतो."

या घरात माझा एकही फोटो निघाला नाही. तसे करायचे असते हे त्यांना ठाऊकच नव्हते. शनिवारी आईचा दवाखाना होता, म्हणून हळूबाई मला तिथे घेऊन गेली आणि बाहेरच्या बाकावर ठेवले. आईने पहिल्यांदा माझे दात पाहिले. "बरे आहेत," ती म्हणाली. "वापरलेले दिसत नाहीत."

दुपारी एक लहानगा आला. खुर्चीत बसायला तयारच होईना. हळूबाईने मला त्याच्या मांडीवर दिले. त्याने माझा डावा कान मुठीत धरला आणि डोळे मिटले. यंत्र सुरू झाले, मूठ आवळली, आणि कान त्याच्या हातात आला.

"मी तोडला!" त्याने भोकाड पसरले. "मी हत्तीचा कान तोडला!"

आईने यंत्र थांबवले. तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा घेऊन तिने माझ्या डोक्यापाशी पाहिले. "रडू नको रे राजा. हे तुझं काम नाही. कान आधीच निघाला होता, कुणीतरी चिकटवलाय. चिकटवणारा घाईत होता, एवढंच."

"आई, आपण शिवूया?" हळूबाईने विचारले.

"शिवू की. पण शाळेची वस्तू आहे. आधी सांग, मग शिवू."

आईचा हा सल्ला योग्यच होता. तो देताना तिला त्या वर्गातल्या पिवळ्या गादीची कल्पना नव्हती.

मित्रांनो, ती गादी तुम्हाला समजावून सांगायला हवी. या शाळेत मुलांना शिक्षा करत नसत. ज्याचे चुकले त्याने पिवळ्या गादीवर बसायचे आणि म्हणायचे, "माझं चुकलं." मग सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि त्याला चांदणी द्यायची, कारण चूक कबूल करायला धैर्य लागते. कल्पना उत्तम. एका मुलाला चांदण्या कमी पडत होत्या. त्याने शेजाऱ्याच्या अंगावर पाण्याची बाटली ओतली, गादीवर बसला, टाळ्या घेतल्या आणि उठला. शेजारी ओलाच होता.

सोमवारी हळूबाईने मला आणि माझ्या कानाला मिसच्या हातात दिले. मिस वाईट नव्हत्या. त्या मुलांशी बोलताना नेहमी गुडघ्यांवर बसत. तशाच बसल्या.

"अगं बाई! काय झालं?"

"कान सुटला. आधीच चिकटवलेला होता."

"जरा मोठ्याने, बाळ."

"कान आधीच कुणीतरी चिकटवला होता."

मिसचा चेहरा मऊ झाला. "हे बघ, आपण दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही ना? आपला नियम काय आहे? आपल्याकडून झालं तर आपण काय म्हणतो?"

"पण माझ्याकडून नाही झालं."

"मी मुळीच रागावणार नाही. कुणीच रागावणार नाही. तू फक्त खरं सांग."

"हेच खरं आहे."

मिसने उसासा सोडला आणि पिवळी गादी थोडी पुढे सरकवली. हळूबाई उभीच राहिली. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला कप्तान बसला होता. तो सतरंजीचे दोरे उपसत होता.

तुम्हाला वाटेल, एवढ्याशा पोरीला त्रास दिला असेल. छे! कुणी आवाजसुद्धा चढवला नाही. सगळेच तिला माफ करायला टपून बसले होते. अडचण एवढीच होती, की माफ करायला गुन्हा लागतो, आणि तो ती देत नव्हती. ठरले असे, की खरे काय ते कळेपर्यंत हत्ती पुढच्या घरी जाणार नाही. पुढची पाळी ज्याची होती त्याच्या आईने माझ्यासाठी समुद्रकिनाऱ्यावरचे हॉटेल सांगून ठेवले होते. तो मुलगा जेवणाच्या सुट्टीत हळूबाईपाशी आला.

"म्हण ना गं एकदा! तुझं काय जातंय? चांदणीपण मिळेल."

"मी नाही केलं."

"नसू दे की! म्हणायला काय होतं?"

त्या दिवसापासून जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. तिला कुणी ऊठ म्हटले नाही. तसे म्हणणे मैत्रीभाव या गुणात बसत नव्हते.

गुरुवारी मुख्याध्यापिकांनी मला तिच्याबरोबर घरी पाठवले. "त्याच्याजवळ बस, त्याच्याशी बोल," त्या म्हणाल्या. "आतून आवाज येईल." माझ्या आतून आवाज आला असता तर मित्रांनो, ही गोष्ट तिथेच संपली असती. पण माझ्या आत बाईंचा स्वेटर होता. तो गप्प राहिला. कान एवढे मोठे आणि तोंड शिवलेले! त्या वेळेइतका मला माझ्या शिवणीचा राग कधी आला नाही.

जेवताना बाबांनी विषय काढला. "म्हणून टाक ना, सोन्या. 'माझं चुकलं.' दोन शब्द. मी दिवसात शंभर वेळा म्हणतो. माझं कुठे काय चुकलेलं असतं?"

"मग का म्हणता?"

"समोरच्याला बरं वाटतं. विषय संपतो."

"बाबा, मग कान कुणी तोडला?"

"कुणी का तोडेना!"

"म्हणजे मीच तोडला असं सगळ्यांना कायम वाटणार."

"अगं, लहान मुलं विसरतात."

"मी नाही विसरणार."

बाबांनी घास हातातच ठेवला. आई म्हणाली, "मी उद्या येते शाळेत. चिकटवलेलं दाखवते त्यांना."

"नको. तू आलीस तर तू सांगितलंस असं होईल." हळूबाईने माझा सुटा कान उचलून आपल्या ताटापासून लांब ठेवला, डाग पडू नये म्हणून. "मी सांगितलं असं व्हायला पाहिजे."

आईने बाबांकडे पाहिले. समोरच्याची अडचण त्यांना बहुधा पहिल्यांदाच समजली होती.

महिनाअखेरच्या दिवशी सभागृहात प्रामाणिकपणाचा समारोप होता. पालक आले होते. मला मंचावर टेबलावर बसवले होते. शेजारी बशीत कान. खाली पिवळी गादी. कार्यक्रमाच्या शेवटी कबुली होईल, असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. एका बाईंनी तर रुमाल आधीच काढून ठेवला होता.

हळूबाईला गादीवर बसवले. ध्वनिक्षेपक हातात दिला. मिस नेहमीसारख्या "जरा मोठ्याने" म्हणणार होत्या, पण त्याची गरज पडली नाही. ती नेहमीइतकेच हळू बोलली, आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"हत्तीचा कान मी तोडला नाही. टाळ्या नकोत."

रुमालवाल्या बाईंच्या टाळ्या वाजून गेल्या होत्या. त्यांनी हात मांडीखाली घेतले. मुख्याध्यापिका उठू की नको अशा अर्ध्या उठल्या.

तेवढ्यात कप्तान पहिल्या रांगेतून मंचावर आला. गादी एकाच्या बेताची होती. तो तिच्या शेजारी अर्धा गादीवर, अर्धा फरशीवर बसला. ध्वनिक्षेपक त्याने घेतला नाही, पण रडत बोलला म्हणून सगळ्यांना ऐकू आले.

"आमच्या कुत्र्याने तोडला. आईने चिकटवला. मी सांगणार होतो."

तिसऱ्या रांगेत त्याचे बाबा बुटांकडे बघू लागले. आणि मित्रांनो, मग जे झाले ते ऐका. टाळ्या! केवढ्या टाळ्या! लोक उभे राहिले. रुमालवाल्या बाईंना अखेर रुमाल कामी आला. मुख्याध्यापिकांनी कप्तानाला पोटाशी धरले, त्याच्या शर्टावर मोठी सोनेरी चांदणी लावली आणि म्हणाल्या, "याला म्हणतात प्रामाणिकपणा!" आता त्याचे बाबाही टाळ्या वाजवत होते. ते सगळ्यांत जोरात वाजवत होते.

हळूबाई गादीवर तशीच बसून होती. ध्वनिक्षेपक अजून तिच्याच हातात होता.

"मिस," ती म्हणाली, "मी तर पहिल्या दिवशीच खरं सांगितलं होतं. तेव्हा टाळ्या का नाही वाजवल्या?"

ती तक्रार करत नव्हती. तिला खरोखर कळले नव्हते आणि ती विचारत होती. टाळ्या विरत गेल्या. कप्तानाने चांदणीवर तळवा ठेवून ती झाकून टाकली.

मिस भिंतीपाशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि हळूबाईला हात देऊन उठवले. मग त्या पिवळ्या गादीवर स्वतः बसल्या. गादी मुलांच्या मापाची होती. मिसचे गुडघे हनुवटीपाशी आले. साडेतीनशे डोळे त्यांच्याकडे बघत होते, पण त्या एकाच मुलीकडे बघत होत्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तू सांगत होतीस. मी ऐकत नव्हते."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठे माणूस त्या गादीवर बसले तर काय करायचे, हे त्या शाळेत कुणालाच माहीत नव्हते. मुख्याध्यापिकांनी हातातला कार्यक्रमाचा कागद पालटून पाहिला. त्यावर हे नव्हते. "आता आपण अल्पोपाहाराकडे वळू या," त्या म्हणाल्या, पण बराच वेळ कुणी वळले नाही.

माझा कान त्याच दिवशी दुपारी रिकाम्या वर्गात शिवला गेला. कप्तानाने सुईत दोरा ओवला, त्यातच त्याचा अर्धा वेळ गेला. मिसने टाके घातले. त्यांचे शिवणकाम ग्रंथालयाच्या बाईंपेक्षाही बेताचे होते. हळूबाईने कान धरून ठेवला होता, आणि ती हळूच म्हणाली, "मिस, उलटा बसतोय." मिसने ऐकले, पण तोवर गाठ मारून झाली होती. दोघी हसल्या. कान आजही उलटा आहे.

शाळा त्या दिवसापासून बदलली, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. भिंतींवरचे गुण अजून तिथेच आहेत, दरवर्षी रंग देतात. संयम अजूनही सुट्टीतच पडतो. पिवळी गादी आहे, पण तिच्यावर बसणाऱ्यासाठी त्या वर्गात आता कुणी टाळ्या वाजवत नाही, त्यामुळे गर्दी खूपच कमी झाली आहे. माझी घरोघरची फेरी बंद झाली. बिल्ल्यांमुळे माझे पोट फाटू लागले होते, म्हणून मिसने ते काढून ठेवले. आता मी वर्गाच्या कोपऱ्यात असतो. ज्यांना वाचायची भीती वाटते, ती मुले पुन्हा मला मांडीवर घेतात. हळूबाईही कधी येते. तिचा आवाज तेवढाच आहे. शेजारी कप्तान असतो. तो फारसे बोलत नाही.

मित्रांनो, माझे वय झाले आहे. मला वर्षातून एकदा धुवा, ऊन दाखवा, उंदरांपासून जपा, एवढी विनंती मी करू शकतो. पण ती नाही मानलीत तरी चालेल, कापडाचे काय, पडदे पुन्हा बदलतीलच. माझे मागणे दुसरेच आहे. खरे बोलणारा माणूस बहुतेक वेळा हळू बोलतो. त्याच्या डोळ्यांत पाणी नसते, त्याच्यासाठी कुणी गादी अंथरलेली नसते. असा कुणी तुमच्याशी बोलू लागला, तर "जरा मोठ्याने" म्हणण्याआधी तुम्हीच दोन पावले जवळ जा. कान उलटा शिवलेला असला तरी चालतो. मला त्यातून सगळे ऐकू येते.